रॅक १२ इंचांचा की १३? प्लायवूड कापण्याआधी करायचा हिशेब

पळस्पे : घरात किंवा दुकानात रॅक करायचा ठरला की आधी भिंत मोजली जाते आणि मग प्लायवूड आणायला माणूस जातो. पैसे वाया जातात ते इथेच. मोजणी भिंतीबरोबर शीटचीही करावी.

नेहमीची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर, एकूण ३२ चौरस फूट. भाव चौरस फुटाचा सांगतात, पण पैसे अख्ख्या शीटचे मोजावे लागतात.

समजा रॅकची खोली १३ इंच धरली. ४८ इंच रुंदीत अशा ३ पट्ट्या निघतात आणि साडेआठ इंचांहून थोडी जास्त रुंद पट्टी उरते. ती भरते जवळपास पावणेसहा चौरस फूट. १०० रुपये फुटाचा भाव धरला तर ५७५ रुपये भिंतीला टेकून उभे राहिले!

मग १२ इंच घ्यावी का? बारा चोक अठ्ठेचाळीस, कागदावर बरोबर बसतं. पण करवत प्रत्येक कापाला सुमारे १ सूत लाकूड खाते. ४ पट्ट्यांना ३ काप, म्हणजे ३ सूत गेलं. शेवटची पट्टी कमी भरते आणि रॅक वाकडा दिसतो. म्हणून पावणेबारा इंच धरावेत. ४ सारख्या पट्ट्या निघतात आणि शीटची खराब कडा साफ करायलाही जागा उरते. कपड्यांसाठी जास्त खोली हवी असेल तर पावणेसोळा इंच धरावेत, ३ पट्ट्या बसतात. यांच्या मधलं माप घेतलं की नुकसान ठरलेलंच.

लांबीचंही तसंच. १८ मिलिमीटरच्या फळीवर डबे-पुस्तकांचं ओझं ठेवायचं तर आधाराशिवाय ३ फुटांच्या आत राहावं. ४ फुटांची फळी काही महिन्यांत मधे झोळ खाते. ८ फुटांच्या पट्टीतून पावणेबत्तीस इंचांच्या ३ फळ्या निघतात. माप मजबुतीलाही चांगलं आणि तुकडाही उरत नाही.

एका शीटमध्ये काय होतं ते बघा. पावणेबारा इंचांच्या ४ पट्ट्या चिरल्या. त्यातल्या २ पट्ट्यांतून ५ फूट ३ इंचांच्या २ उभ्या बाजू आणि पावणेबत्तीस इंचांच्या २ फळ्या. बाकी २ पट्ट्यांतून ६ फळ्या. एकूण ८. रॅकला ६ पुरतात, २ स्वयंपाकघरात भिंतीवर लागतात. तळाची फळी जमिनीपासून ४ इंच वर घेतली तर प्रत्येक खणात साधारण ११ इंच उंची मिळते. फळीच्या दोन्ही टोकांखाली लाकडी पट्टी लावावी आणि रॅक वरून भिंतीला एल पट्टीने पक्का करावा. मागे प्लाय नसल्यामुळे हे टाळून चालत नाही.

सुताराला एक गोष्ट आधीच सांगावी : फळीची लांबी वरच्या थरातल्या रेषांच्या दिशेने यायला हवी. बहुतेक शीटवर या रेषा ८ फुटांच्या बाजूने जातात. जागा वाचवायला आडवी कापलेली फळी लवकर वाकते.

आपल्याकडचा पाऊस पाहता एमआर प्लाय कोरड्या खोलीपुरताच ठीक. मोरीजवळ किंवा ओल येणाऱ्या भिंतीला आयएस ७१० छापलेला मरीन प्लाय घ्यावा. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत, पाणी तिथूनच शिरतं. प्रायमर किंवा वार्निश मारावं. उभ्या बाजूंच्या पायाखाली कडाप्प्याचे तुकडे द्यावेत.

नकाशा वहीच्या पानावर मावतो : १ सेंटीमीटर म्हणजे ४ इंच धरले की शीट २४ बाय १२ सेंटीमीटरची होते. तो कागद दुकानात न्यावा. पनवेलहून अख्खी शीट पळस्प्याला आणायला टेम्पो लागतो. दुकानात कापायचं मशीन असेल तर पट्ट्या तिथेच चिरून घ्याव्यात. त्याआधी शीटचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. सारखे नसतील तर शीट काटकोनात नाही, दुसरी मागावी.