स्टॅटिन औषधे आणि डोके-मान कर्करोग

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या एका गटास स्टॅटिन असे म्हणतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन व सिमव्हास्टॅटिन ही त्यांतील प्रचलित औषधे होत. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात टाळण्यासाठी ती दिली जातात. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य या औषधांमुळे वाढते काय, याविषयी संशोधन झाले आहे. मात्र तसे अद्याप सिद्ध झालेले नाही.

पार्श्वभूमी

तोंड, घसा, स्वरयंत्र इत्यादी अवयवांच्या कर्करोगांना एकत्रितपणे डोके-मान कर्करोग म्हणतात. तंबाखू, मद्य, सुपारी व एचपीव्ही विषाणू ही त्याची प्रमुख कारणे होत. तंबाखूमुळे हृदयविकारही बळावतो. म्हणून अनेक रुग्ण कर्करोगाच्या निदानापूर्वीपासूनच स्टॅटिन घेत असतात.

कार्य

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात पेनिसिलियम बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळवले. ही औषधे यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका विकराचे कार्य रोखतात. याच रासायनिक मार्गातून पेशींच्या वाढीस लागणारे काही घटकही तयार होतात. त्यामुळे हा मार्ग रोखल्यास कर्करोगपेशींची वाढ मंदावेल, असा तर्क मांडला गेला.

संशोधन

रुग्णांच्या जुन्या नोंदींवर आधारलेल्या काही अभ्यासांत स्टॅटिन घेणारे रुग्ण इतरांपेक्षा अधिक काळ जगल्याचे आढळले. तथापि, नियमित औषध घेणारी व्यक्ती बहुधा प्रकृतीची इतर काळजीही घेते. शिवाय निदानानंतर औषध सुरू होण्याइतका काळ जगलेला रुग्णच 'औषध घेणारा' म्हणून मोजला जातो, त्यामुळे तुलना मुळातच एका बाजूस झुकते. असा दोष टाळण्यासाठी रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून चाचणी घ्यावी लागते. फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगावर ब्रिटनमध्ये ८४६ रुग्णांवर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. केमोथेरपीसोबत प्रावास्टॅटिन दिल्याने आयुष्य वाढले नाही. तो कर्करोग वेगळा असला, तरी केवळ तर्कावर विसंबू नये, हे त्यातून स्पष्ट होते.

रुग्णांसाठी महत्त्व

कर्करोगावरील उपचार म्हणून स्टॅटिन स्वतःहून सुरू करू नये. हृदयविकारासाठी दिलेले स्टॅटिन परस्पर बंदही करू नये. रेडिएशनच्या काळात तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यावरील काही औषधांमुळे रक्तातील स्टॅटिनचे प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. यासाठी चालू असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.