भोंगा, भाकरी आणि बिस्किटाचा पुडा : सोलापूरच्या झटपट खाण्याची गोष्ट

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तहाची कलमंही नाहीत. आज थेट स्वयंपाकघरात शिरायचंय. प्रश्न असा आहे : पुड्यातलं, तयार, झटपट मिळणारं खाणं चांगल्या आहारात बसू शकतं का?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, इतिहासाचा यात काय संबंध? मी धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आहारतज्ज्ञ नाही. पण मी सोलापूरचा आहे. आणि ज्या शहराचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उगवला आणि मावळला, त्या शहराला झटपट खाण्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे.

आमच्या घरात हा विषय गेल्या वर्षी आला. वडिलांच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, प्रोसेस्ड फूड बंद. आईने कपाट रिकामं केलं : बिस्किटं, खारी, नूडल्स, फरसाण. त्याच ढिगात कडक भाकरीचा पुडाही निघाला. आई म्हणाली, "हे बी पुड्यातलंच की." वडील म्हणाले, "भाकरी कधीपासून प्रोसेस्ड झाली?" दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच वाद काही मिटेना. आजचा भाग त्या वादावर आहे.

भूक भोंग्यावर

1870 च्या दशकात मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली. तीच आपली जुनी मिल. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. आसपासच्या दुष्काळी गावांतून माणसं आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कन्नड बोलणारी कुटुंबं तर होतीच. शहर तीन भाषांत बोलायला लागलं, पण वेळ सगळ्यांना एकच भोंगा सांगायचा.

त्या वेळेचा हिशोब बघा. 1911 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस 12 तासांचा ठरवला. 1922 ला तो 11 तासांवर आला, 1934 ला 10 तासांवर. आठवड्याला 48 तास ही मर्यादा यायला 1946 साल उजाडलं. म्हणजे आमच्या पणजोबांच्या पिढीने निम्मा दिवस यंत्रापुढे उभं राहून काढला. गिरणीत बायकाही होत्या. त्यांना भोंग्याच्या आधी भाकऱ्या थापून, पोरांचं आवरून खात्यावर हजर व्हायचं असायचं.

शेतात भूक लागली की माणूस बांधावर बसून खातो. गिरणीत भूक लागते तेव्हा नाही, सुट्टी होते तेव्हा खायचं. चूल जवळ नाही, पाणी नळावर, आणि उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर. अशा वेळी डब्यात असं काही हवं जे उन्हात आंबणार नाही, हातात धरून खाता येईल आणि पुढचे पाच तास उभं ठेवील. आज आपण 'फास्ट फूड' म्हणतो त्याची गरज नेमकी हीच असते. माणूस आळशी झाला म्हणून ते आलं नाही. माणसाचा वेळ दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून आलं.

कडक भाकरीचं तंत्र

आता कडक भाकरीकडे जरा इंजिनीअरच्या नजरेने बघू.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ आपसूक धरत नाही. म्हणून ते गरम पाण्यात मळतात; उष्णतेने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी चिरते, हे कुठल्याही आजीला माहीत असतं. ज्वारी कुठली, तर मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं एम 35-1 हे वाण आजही रब्बी ज्वारीत मान राखून आहे. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तर अशा पिठाची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर पार कडक होईपर्यंत वाळवायची. यात होतं काय? पाणी निघून जातं. बुरशीला आणि जिवाणूंना जगायला पाणी लागतं, ते नसलं की भाकरी कित्येक दिवस टिकते. रसायन नाही, फ्रीज नाही. सीमेपलीकडे विजापूर, कलबुर्गीकडे हीच जोळद रोट्टी.

सोबत शेंगाचटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. उखळात इतकं कुटायचं की शेंगदाण्याचं स्वतःचं तेल सुटून चटणी ओलसर झाली पाहिजे. वरून तेल घालायचं काम नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत 10 च्या आसपास. गिरणीकामगाराला हे आकडे ठाऊक नव्हते, पण पोटाला कशाचा आधार राहतो ते ठाऊक होतं.

आता सांगा, हे प्रोसेस्ड आहे की नाही? दळलंय, भाजलंय, वाळवलंय, कुटलंय, मीठ घातलंय. प्रोसेसिंग म्हणजे प्रक्रिया, आणि ती इथे पायरीपायरीला आहे. म्हणजे आईचं बरोबर.

दोन गिरणगावं, दोन डबे

तुलनेला मुंबईचं गिरणगाव घेऊ. तिथलं झटपट खाणं म्हणजे वडापाव. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. मैद्याचा पाव, बटाटा, तळण. पण तो ताजा, स्वस्त आणि लोकल पकडता पकडता खाता येणारा. आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला त्यातल्या कॅलरी जड नव्हत्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, वडापाव मात्र राहिला, आणि तो खाणारा हळूहळू खुर्चीवर बसला.

सोलापुरातही तेच झालं. आधी जुनी मिल गेली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू, मग नरसिंग गिरजी. भोंगा थांबला. पदार्थ तेच राहिले आणि अंगमेहनत गेली. म्हणून "आमचे आजोबा सगळं खायचे, त्यांना काही झालं नाही" हे वाक्य मला पटत नाही. आजोबांच्या ताटाकडे बघताना त्यांच्या हजेरीच्या कार्डाकडेही बघावं लागतं.

आणि जुना काळ भरल्या ताटाचा होता असंही समजू नका. 1920 च्या दशकात मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने सोलापूरच्या गिरणीकामगारांच्या घरखर्चाची रीतसर पाहणी केली होती. मिळकतीतला मोठा वाटा पोटावरच जायचा. साधं खाणं ही तेव्हा आवड नव्हती, ऐपत होती.

बहात्तरची सुकडी

प्रक्रिया केलेलं अन्न म्हटलं की आपण एकदम खलनायक उभा करतो. पण 1972 चा दुष्काळ आठवा. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव. आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन शब्द हमखास आठवतात : मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची चव आणि रंग यावर आजही नाक मुरडतात. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचं तयार, गोडसर मिश्रण. न शिजवता खाता येणारं.

कुणाच्याही व्याख्येने सुकडी हे तयार अन्न होतं, आणि तिने पोरं जगवली. ज्या बाईच्या घरी ना धान्य, ना सरपण, ना पाणी, तिला "घरचं ताजं खा" असं सांगण्यात काय अर्थ होता? पिठाच्या गिरणीचंही तसंच. ती आली आणि पहाटेचं जातं थांबलं. त्या प्रक्रियेविरुद्ध आजवर एकाही बाईने तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

ज्वारीच्या जिल्ह्यात साखर

पुढची वळणं भराभर आली. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि ज्वारीच्या जिल्ह्यात ऊस पसरला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचं नाव आहे. रेशनवर गहू-तांदूळ आला, चपाती रोजची झाली, भाकरी मागे पडली. 1983 मध्ये मॅगी भारतात आली आणि 'दोन मिनिटं' हे खाण्याचं माप झालं.

याच सुमारास प्रक्रियेचा हेतूही बदलला. पूर्वी प्रश्न होता, अन्न टिकेल कसं? आता प्रश्न झाला, माणूस दुसरा पुडा फोडेल कसा?

ब्राझीलमधले कार्लोस मॉन्तेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 पासून हा फरक मांडला. त्यांच्या 'नोव्हा' वर्गवारीत चार गट आहेत : जवळजवळ जसंच्या तसं अन्न; तेल-मीठ-साखरेसारखे स्वयंपाकाचे घटक; प्रक्रिया केलेलं अन्न; आणि अतिप्रक्रिया केलेलं अन्न. चौथ्या गटात असे पदार्थ येतात जे घरच्या चुलीवर बनणारच नाहीत, कारण त्यांतले रंग, स्वाद आणि इमल्सिफायर आपल्या फडताळात नसतात. कडक भाकरी आणि क्रीमचं बिस्किट दोन्ही पुड्यात मिळतात, पण गट वेगळे. म्हणजे वडिलांचंही बरोबर.

2019 मध्ये अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 20 माणसांना संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं. पुढ्यात ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मेद, तंतू, मीठ सारखंच. हवं तितकं खा म्हणून सांगितलं. अतिप्रक्रियेच्या आठवड्यांत माणसं रोज साधारण 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी 900 ग्रॅमने वाढली. प्रयोग छोटा होता, मान्य. पण त्यातलं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं : ते खाणं माणसं जास्त वेगाने खात होती.

इथे मला कडक भाकरी आठवली. ती बनवून ठेवलेली असते, म्हणून सुट्टीत चूल पेटवावी लागत नाही. पण खायला? दात लावावे लागतात, चावावं लागतं, नाहीतर आमटीत कुस्करून भिजेपर्यंत थांबावं लागतं. इथे वेळ वाचला तो रांधण्याचा. नव्या पुड्यात रांधण्याबरोबर चावण्याचाही वेळ वाचवलाय, आणि पोट भरल्याची खबर डोक्यापर्यंत पोचायला तोच तर वेळ लागत असतो.

मग चालतं की नाही?

माझं उत्तर : चालतं, पण पुड्याला तीन प्रश्न विचारून. धान्यातून काय काढून घेतलं? वरून काय घातलं? आणि वेळ कुठला वाचवला, हातांचा की दातांचा?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुड्याच्या मागे छापलेली असतात. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. समोर ज्वारीचं कणीस छापलंय आणि मागे यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल असेल, तर ते ज्वारीचं बिस्किट नव्हे, ज्वारीचं चित्र असलेलं बिस्किट आहे.

भाकरीलाही सूट नाही बरं का. ज्वारीत दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात, त्यामुळे साखरेच्या रुग्णाने कडक भाकऱ्याही मोजूनच खायच्या. शेंगाचटणी वाटीभर नाही, चमचाभर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको म्हटलंय. चटणी, लोणचं, पापड तिन्ही ताटात घेतले तर ती मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत आला. आमचं घर त्यातलंच एक.

शेवटी एक गोष्ट, जी आहाराच्या चर्चेत निसटते. आज सोलापुरात कडक भाकरी हा बायकांचा घरगुती उद्योग आहे. पुण्या-मुंबईत माझ्यासारखी पोरं रात्री लॅपटॉप मिटून जी भाकरी खातात, ती कुणीतरी तव्याच्या धगीपुढे बसून थापलेली असते, आणि तिची मजुरी भाकरीच्या नगावर ठरते. गिरणीकामगाराच्या बायकोचा वेळ कुणी मोजला नव्हता. निदान आता तो किमतीत यायला हवा. बिस्किटाच्या पुड्याला विनातक्रार छापील किंमत देणारे आपण, भाकरीवालीशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. चांगलं झटपट खाणं हवं असेल तर ते बनवणारी बाई त्या धंद्यात टिकली पाहिजे.

तुमच्या गावात गिरणी, साखर कारखाना किंवा रेल्वेचं वर्कशॉप असेल, तर तिथली माणसं डब्यात काय न्यायची ते घरच्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. त्यातली काही उत्तरं पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. तोवर, जेवताना सावकाश चावा. भेटूया.