अंत्युखियाची पंगत

धर्मांच्या इतिहासांतले मोठे वाद देव, आत्मा, मोक्ष अशा सूक्ष्म विषयांवर झाले असावेत, असा सर्वसाधारण समज असतो. ख्रिस्ती धर्मांतला पहिला मोठा वाद मात्र जेवणाच्या पंगतीवरून झाला. इ. स. ४९ च्या आगेंमागें सीरियांतील अंत्युखिया शहरीं पेत्र हा प्रेषित कांहीं मंडळींच्या पंगतींतून मागें सरला, आणि पौलानें त्याला सर्वांच्या देखत दोष दिला. यहुद्यांचें प्राचीन नियमशास्त्र ख्रिस्ताच्या अनुयायांनीं पाळावें कीं नाहीं, आणि पाळावयाचें तर किती, हा प्रश्न त्या पंगतींत उभा राहिला. तो अद्यापि पुरता मिटलेला नाहीं.

नियमशास्त्र म्हणजे मोशाच्या नांवावर असलेल्या पांच ग्रंथांतील आज्ञा. यहुदी पंडितांनीं त्यांची गणना ६१३ केली आहे. २४८ विधि आणि ३६५ निषेध. शनिवारचा शब्बाथ, आठव्या दिवशींची सुंता, डुकराचें मांस व रक्त वर्ज्य, हे नियम परक्यांच्या चटकन् नजरेंत भरतात आणि हें शास्त्र म्हणजे नुसतें सोवळें-ओवळें आहे, असा त्यांचा ग्रह होतो. तो खरा नव्हे. शेताच्या कडेचें पीक गरिबांसाठीं सोडावें, मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशीं ठेवूं नये, शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणें प्रीति करावी, ह्या आज्ञाही त्याच ग्रंथांत आणि कित्येकदां त्याच प्रकरणांत आहेत. येशू स्वतः यहुदी होता. शब्बाथाविषयीं किंवा हात धुण्याविषयीं त्यानें वाद केले, पण ते घरांतल्या घरांतले वाद होते. तसे वाद त्या काळचे शास्त्रीही आपसांत करीतच असत. आपण शास्त्र मोडावयास आलों नाहीं, तें पूर्ण करावयास आलों आहों, असा त्याचा निर्वाळा मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. त्याचे पहिले अनुयायी यरुशलेमांतल्या मंदिरांत जात, शब्बाथ पाळीत आणि आपण कांहीं निराळा धर्म काढला आहे असें त्यांच्या ध्यानींमनींही नव्हतें.

अडचण आली ती परके लोक येऊं लागले तेव्हां. रोमन साम्राज्यांत रोम व अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल अंत्युखियाचें नांव होतें, आणि येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हें नांव प्रथम तेथेंच मिळालें. ग्रीक व सीरियन लोक यहुद्यांच्या शेजारीं बसून प्रभूचें भोजन घेऊं लागले. बाजारांतल्या मांसापैकीं पुष्कळसें देवळांतून आलेलें, म्हणजे मूर्तींना वाहिलेलें असे. अशा स्थितींत कोणीं काय शिजविलें, कोणाच्या हातचें कोणीं खाल्लें, हे प्रश्न किती नाजूक होतात, हें आपल्याकडील श्रोत्यांना निराळें समजावून द्यावयास नको.

पेत्र प्रथम या सर्वांबरोबर जेवत असे. यापो येथें त्यानें एक दृष्टांत पाहिला होता व त्यानंतर कर्नेल्य नांवाच्या रोमन शतपतीच्या घरीं तो जाऊन राहिला होता, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. परंतु यरुशलेमाहून याकोबाकडील कांहीं माणसें आलीं, आणि पेत्र हळूहळू परक्यांच्या पंगतींतून मागें हटला. त्याचें पाहून इतर यहुदीही उठले. इतकेंच नव्हे, तर पौलाचा जिवाभावाचा सोबती बर्णबा हाही त्यांच्यांत सामील झाला. मराठींत याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पौलाचा आक्षेपही नेमका हाच होता: एका देवाच्या घरीं एका ताटाला दोन न्याय कसे? माणूस देवापुढें नीतिमान् ठरतो तो विश्वासानें. असें असतां तूं यांना यहुदी रीत पाळावयास कां भाग पाडतोस?

येथें याकोबाच्या माणसांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. ख्रिस्ती उपदेशक बहुधा ती घेत नाहींत. इ. स. पूर्वीं १६७ च्या सुमारास अंत्युखस एपिफानेस या राजानें यहुद्यांवर सुंता व शब्बाथ यांची बंदी घातली होती आणि डुकराचें मांस खाण्याची सक्ति केली होती. तें न खातां कित्येकांनीं प्राण दिले. ज्या नियमासाठीं पूर्वजांनीं मरण पत्करलें, तो नियम ‘जेवणाची एक बाब’ म्हणून सोडून देणें कोणाला सोपें वाटेल? आणि अंत्युखिया हें त्याच राजघराण्यानें वसविलेलें शहर होतें.

यरुशलेमांत याच सुमारास सभा भरली. अंत्युखियाचा प्रसंग सभेच्या आधींचा कीं नंतरचा, यावर विद्वानांत मतभेद आहे. सभेचा निर्णय असा झाला कीं, परक्यांवर सुंतेचें ओझें लादूं नये. त्यांनीं फक्त मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचें मांस आणि व्यभिचार यांपासून दूर राहावें. हे चार निर्बंध कोठून आले? लेवीय ग्रंथाच्या सतराव्या व अठराव्या अध्यायांत इस्राएलांमध्यें राहणाऱ्या परदेशीयांनाही लागू असे जे नियम आहेत, त्यांच्याशीं ते बरेचसे जुळतात. म्हणजे परक्यांना जी सूट मिळाली, तिचा आधारही नियमशास्त्रांतलाच होता. शास्त्र बाजूस सारून ती दिलेली नव्हती. पौल मात्र आपल्या पत्रांत या चार अटींचा उच्चारही करीत नाहीं. गरिबांची आठवण ठेवावी एवढेंच आपणांस सांगण्यात आलें, असें तो लिहितो. त्याचें वर्तनही एकसुरी नव्हतें. ग्रीक असलेल्या तीताची सुंता त्यानें होऊं दिली नाहीं. तीमथ्याची आई यहुदी होती, म्हणून त्याची त्यानें स्वतः करविली.

इ. स. ७० सालीं रोमनांनीं यरुशलेमचें मंदिर जाळलें, आणि पुढें दोनतीन पिढ्यांत पारडें फिरलें. आतां चर्चमध्यें परके बहुसंख्य झाले व शास्त्र पाळणारे यहुदी ख्रिस्तीच पाहुणे ठरले. यांना तारण मिळेल काय, अशी चर्चा दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या लेखकाच्या त्रुफोन संवादांत आहे. इतरांवर सक्ति करीत नसतील तर मिळेल, असें त्याचें मत. परंतु असें न मानणारे ख्रिस्तीही आहेत, हें तो लपवीत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं ‘परक्यांना घ्यावें काय’ हा प्रश्न होता. तो असा उलटा झाला. याच काळांत पंत प्रांतांतला मार्कियोन नांवाचा जहाजवाला रोमला आला. त्यानें चर्चला २,००,००० सेस्टर्स देणगी दिली आणि मोशाचा देव निराळा, येशूचा पिता निराळा, असें शिकवावयास आरंभ केला. यहुद्यांचे सर्व ग्रंथ त्यानें टाकून दिले. रोमच्या मंडळीनें इ. स. १४४ त त्याला बाहेर घातलें व पैसेही परत केले. हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. शास्त्र पाळावयाचें नाहीं, पण टाकावयाचेंही नाहीं, असा अवघड मार्ग चर्चनें त्या दिवशीं पत्करला.

अंत्युखियाची पंगत मात्र पंडितांना अस्वस्थच करीत राहिली. दोन थोर प्रेषित भांडले हें कबूल कसें करावें? बेथलेहेमांत राहणाऱ्या जेरोमनें सांगितलें कीं, भांडण खरें नव्हतेंच. लोकांच्या शिक्षणासाठीं दोघांनीं तें संगनमतानें केलें. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पोच्या ऑगस्टिननें त्यावर पत्र धाडलें: पवित्र ग्रंथांत एक सोंग मान्य केलें, तर बाकीच्यावर विश्वास कोणीं ठेवावा? हें पत्र जेरोमला मिळण्यास कित्येक वर्षें लागली, आणि मधल्यामध्यें त्याच्या नकला रोममध्यें फिरूं लागल्या. त्यामुळें म्हाताऱ्या जेरोमचा झालेला संताप वाचण्यासारखा आहे. इ. स. ४०५ च्या सुमारास ऑगस्टिननें आपलें अखेरचें मत मांडलें. जुने विधि म्हणजे जणू मृत देह. प्रेषितांनीं त्यांना मानानें स्मशानापर्यंत पोंचविलें, तेव्हां त्यांचें शास्त्रपालन दूषणीय नव्हतें. आतां तीं हाडें कोणी उकरूं नयेत. जेरोमच्या कडवटपणापेक्षां ही वृत्ति पुष्कळ सौम्य आहे. परंतु दोघांचीही चूक एकच. ज्याला ते मृत समजत होते, तें शास्त्र शेजारच्या गल्लींत जिवंत होतें, आणि माणसें तें दररोज पाळीत होतीं.

त्याचा पुरावा पुन्हां अंत्युखियांतूनच मिळतो. इ. स. ३८६ व ३८७ सालीं तेथें योहान क्रिसोस्टोम या वक्त्यानें यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनें केलीं. कारण काय? त्याच्या मंडळींतले ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या सणांना जात, उपास करीत, त्यांच्या सभास्थानांत शपथा घेत. सामान्य माणसांना पंगत मोडलेली नको होती. मोडावयाची होती ती धर्मगुरूंना. त्या प्रवचनांतली भाषा अत्यंत विखारी आहे, आणि पुढील कित्येक शतकें यहुदीद्वेष्ट्यांनीं ती शस्त्रासारखी वापरली.

मध्ययुगांत थॉमस अक्विनस यानें शास्त्राचे नैतिक, विधिविषयक व न्यायविषयक असे तीन भाग करून पहिला तेवढा सर्वांस बंधनकारक ठरविला. लूथरनें १५२५ च्या एका प्रवचनांत मोशाच्या शास्त्राला यहुद्यांचा ‘साक्सेनश्पीगेल’, म्हणजे साक्सन लोकांच्या कायद्याच्या पोथीसारखा देशी कायदा म्हटलें. आजही बहुतेक पाश्चात्य ख्रिस्ती शिक्षण याच चाकोरींतून जातें. दहा आज्ञा मुलांकडून पाठ करून घेतात, खाण्यापिण्याचे नियम सांगत नाहींत. पण ही विभागणी मोशाच्या ग्रंथांत कोठेंही केलेली नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें.

शिवाय ख्रिस्ती जग म्हणजे केवळ यूरोप नव्हे. १४४२ सालीं फ्लॉरेन्सच्या परिषदेनें सुंता, शब्बाथ इत्यादि विधि पाळणें ख्रिस्त्यांस घातक असल्याचें जाहीर केलें आणि रक्ताविषयींचा प्रेषितांचा निर्बंधही कालबाह्य ठरविला. अवघ्या आठ वर्षांनीं, १४५० त, इथिओपियाचा राजा झरा याकोब यानें दब्र मित्माक येथें सभा भरवून शनिवार व रविवार दोन्ही पवित्र मानावेत, असें ठरविलें. तेथील ख्रिस्ती पूर्वापार सुंता करीत आले आहेत. १५५५ सालीं पोर्तुगीज धर्मगुरूंनीं ‘तुम्ही यहुदी झालांत’ असा आरोप केला, तेव्हां राजा गलाउदेवोस यानें मोठें समर्पक उत्तर लिहिलें: आमची सुंता ही देशरीत आहे; जसे नुबियांतले लोक तोंडावर चरे पाडतात किंवा हिंदुस्थानांतले कान टोचतात, तशी. डुकराचें मांस कोणी खात नसेल, तर त्याला आम्ही भाग पाडीत नाहीं. अफॉन्सो मेंदेस हा पोर्तुगीज बिशप १६२५ त तेथें गेला, त्यानें मात्र हे सर्व आचार सक्तीनें बंद करविले. बंडें झालीं, हजारों शेतकरी मेले, आणि १६३२ त राजा सुसेन्योसनें जुना धर्म पुन्हां मोकळा करून गादी सोडली. मेंदेसला हद्दपार व्हावें लागलें. तो गोव्यास आला आणि तेथेंच वारला.

ज्या किनाऱ्यावर मेंदेसनें अखेरचे दिवस काढले, त्याच्याच उत्तरेस, कुलाब्याच्या गांवांत, तेलाचा घाणा चालविणारी व शनिवारीं बैल न जुंपणारी माणसें राहत होतीं. गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते बेने इस्राएल. १८१३ पासून मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं आणि पुढें डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्यासाठीं शाळा काढल्या. विल्सननें १८३२ त हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापलें. उद्देश अर्थात् धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनीं विद्या घेतली, मराठींतला जुना करार वाचला, त्यांतले कित्येक त्याच शाळांत शिक्षक झाले. पण ख्रिस्ती फारच थोडे झाले. शब्बाथ कां पाळावयाचा, हें आजवर रीत म्हणून ठाऊक होतें, तें आतां ग्रंथाच्या आधारानें ठाऊक झालें.

विसाव्या शतकांतील यहुद्यांच्या संहारानंतर ख्रिस्ती जगाला आपली जुनी प्रवचनें पुन्हां वाचावीं लागलीं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, देवानें यहुद्यांस टाकलें आहे असें शिकवूं नये, असें जाहीर केलें. १९७७ सालीं ई. पी. सँडर्स या पंडितानें पौलावरील ग्रंथांत दाखवून दिलें कीं, यहुदी लोक पुण्य मिळवून देव विकत घेऊं पाहत होते हें चित्र त्यांच्याच ग्रंथांशीं जुळत नाहीं. त्यांच्या मतें देवाची कृपा आधीं, आज्ञापालन मागाहून. १० डिसेंबर २०१५ च्या एका व्हॅटिकन लेखांत तर यहुद्यांना ख्रिस्ती करण्याचें संघटित कार्य कॅथलिक चर्च चालवीत नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. इकडे सातव्या दिवसाचे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या नियमांत रक्ताचा निषेध आजही आहे, आणि इथिओपियांत दोन्ही दिवसांचा मान कायम आहे.

आजचे पंडित निकालासाठीं पुन्हां पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राकडेच वळतात. पौलानें पेत्राला काय सुनावलें, तें तेथें सविस्तर आहे. पेत्रानें काय उत्तर दिलें, तें पौलानें लिहिलेलें नाहीं.