केशदान : वेणीपासून विगपर्यंत

आजारपणामुळे केस गमावलेल्या मुलांसाठी विग तयार व्हावेत, या हेतूने स्वतःचे लांब केस कापून देण्याच्या प्रथेला केशदान म्हटले जाते. देवाला केस वाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी असली, तरी या दानाला संस्थात्मक रूप मिळाले ते अमेरिकेत. ओहायो राज्यात १९८१ साली 'विग्ज फॉर किड्स' आणि फ्लोरिडात १९९७ साली 'लॉक्स ऑफ लव्ह' या संस्था स्थापन झाल्या. पाच वर्षांची मुलगी कर्करोगाने गमावलेल्या आईवडिलांनी इंग्लंडमध्ये २००६ साली 'लिटल प्रिन्सेस ट्रस्ट' उभा केला, तर जपानमधील ओसाका येथे २००९ पासून असे काम सुरू झाले.

केशदान म्हटले की कर्करोगाचे रुग्ण डोळ्यांसमोर येतात. केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात. केसांच्या मुळांतील पेशीही त्याच जातीच्या असल्याने उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. मात्र उपचार संपल्यानंतर काही महिन्यांत ते बहुधा पुन्हा येतात. कधी त्यांचा पोत किंवा रंग बदललेला असतो, एवढेच. चाई पडणाऱ्या मुलांची अवस्था निराळी. या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. काही मुलांच्या डोक्यावरील सर्व केस जातात आणि ते परत येतीलच याची खात्री देता येत नाही. 'लॉक्स ऑफ लव्ह'कडून विग मिळवणाऱ्यांत बहुसंख्य मुले याच विकाराची आहेत, ही गोष्ट अनेक दात्यांच्या गावीही नसते.

एका वेणीचा एक विग होतो, हा दुसरा गैरसमज. एका विगसाठी सहा ते दहा दात्यांचे केस लागतात. प्रथम लांबी, रंग आणि पोत यांनुसार त्यांची प्रतवारी होते. मग बारीक जाळीच्या टोपीवर सूक्ष्म आकडीने केस गाठी मारून ओवले जातात. केस दुमडून गाठ घ्यावी लागत असल्याने त्याची काही लांबी गाठीतच खर्ची पडते. म्हणूनच दहा-बारा इंचांची अट घातली जाते. केस महिन्याला जेमतेम एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्या हिशेबाने बारा इंच म्हणजे दोन ते अडीच वर्षांची वाढ.

केसाची मूळ बाजू आणि टोक यांची सरमिसळ न होणे फार महत्त्वाचे. केसाच्या पृष्ठभागावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात आणि त्यांचा रोख मुळाकडून टोकाकडे असतो. उलटसुलट केस एकत्र आले की ते एकमेकांत अडकून गुंता होतो. पूर्वी घरोघरी बायका विंचरताना निघालेले गुंतवळ साठवून त्यावर भांडी घेत. ते गंगावनाच्या धंद्यात खपते, पण अशा विगला चालत नाही. पार्लरच्या फरशीवरून गोळा केलेले केसही त्याच कारणाने बाद ठरतात.

त्यामुळे कापण्याआधी केस धुऊन पूर्ण वाळवावेत. तेल लावलेले नसावे. ओलसर केस पाकिटात बंद केल्यास त्यांना बुरशी येते. वेणी किंवा पोनीटेल वर आणि खाली, शक्य तर मध्येही, रबरबँडने घट्ट बांधावी आणि वरच्या रबरबँडच्या वर कात्री चालवावी. कुरळे केस ओढून सरळ करून मोजावेत. लेयर्स असतील तर सर्वांत आखूड थराची लांबी धरावी. ब्लीच केलेले केस बहुतेक ठिकाणी नाकारले जातात. रंग व मेंदीबाबत प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असल्याने आधी विचारणे इष्ट.

पाठवलेले सर्वच केस मुलांच्या डोक्यावर जातात असे नाही. 'लॉक्स ऑफ लव्ह' आखूड व पांढरे केस विकून त्या पैशांतून विगच्या निर्मितीचा खर्च भागवते आणि ते उघडपणे सांगते. त्यात गैर काही नाही. विगमध्ये केसांपेक्षा कारागिरीच महाग असते. भारतात तर केसांचा तुटवडा नाहीच. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांच्या लिलावातून देवस्थानाला कोट्यवधी रुपये मिळतात आणि त्यातले कितीतरी परदेशी विगबाजारात जातात. कमतरता आहे ती गरीब कुटुंबाला विनामूल्य विग करून देणाऱ्या निधीची. केसांसोबत थोडी रक्कम पाठवणारा दाता म्हणूनच अधिक उपयोगी ठरतो.

आपल्याकडे चेन्नईतील चेरियन फाउंडेशन, त्रिशूरचे अमला रुग्णालय, मुंबईतील 'कोप विथ कॅन्सर' अशा संस्थांनी केशदानाचे उपक्रम राबवले आहेत. त्यांच्या विगचा लाभ मुलांप्रमाणेच प्रौढ स्त्रियांनाही मिळतो. २०१९ साली त्रिशूरमधील एका महिला पोलीस अधिकाऱ्याने गुडघ्यापर्यंतचे केस देऊन पूर्ण मुंडण केले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. स्त्रीच्या मुंडणाला आपल्या समाजात काय अर्थ होता, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. सक्तीने उतरवलेले केस आणि स्वेच्छेने दिलेले केस यांतले अंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र अजूनही पटवून द्यावे लागते.

विग हा उपचाराचा भाग नव्हे. मुंबईच्या दमट उकाड्यात तो टाळूला टोचतो, घाम येतो. लहान मुले तो काढून फेकतात आणि सुती टोपीवर खूश असतात. किशोरवयीन मुलींचे तसे नसते. शाळेत परतण्याचा पहिला दिवस त्यांना रुग्णालयाहून कठीण वाटू शकतो. ओसाकाची संस्था केस स्वीकारते, मोफत विग देते आणि त्याच वेळी विगची गरजच भासू नये असा समाज हवा, असेही म्हणते. विग हवा की नको हे डोक्यावरचे केस गमावलेल्या मुलालाच विचारावे. आईवडिलांच्या हौसेने आणलेले विग अनेकदा कपाटातच राहतात.