तारांकित कासव : मुंबईच्या घरांतील

भारतीय उपखंडातील जमिनीवर राहणारे कासव. शास्त्रीय नाव जिओकेलोनी एलेगन्स. व्यापारात आणि वर्तमानपत्रांत ‘स्टार कासव’ हेच नाव रूढ आहे. गुजरात, राजस्थान व लगतचा सिंध; दक्षिणेत आंध्र, तमिळनाडू व कर्नाटकाचा काही भाग; आणि श्रीलंका अशा तुटक प्रदेशांत त्याची वस्ती आहे. मुंबईत ते मूळचे नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत सापडणारे तारांकित कासव कोणी तरी आणलेले असते.

वर्णन : पाठीची ढाल उंच, घुमटाकार, काळसर. तिच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर पिवळा ठिपका असून त्यातून पिवळे पट्टे किरणांसारखे फाकतात. पोटाच्या ढालीवरही असेच पट्टे असतात आणि म्यानमारच्या तारा-कासवापासून हे ओळखण्याची ती चांगली खूण आहे. मानेलगतचा छोटा मधला खवला या जातीत नसतो. मादी नरापेक्षा बरीच मोठी. नराची शेपटी लांब व जाड. पाय खांबासारखे, बोटांमध्ये पडदा नाही. या कासवाला पोहता येत नाही. हे ठाऊक नसल्याने घरोघरी त्याला पाण्याच्या बादलीत, टबात किंवा फिशटँकमध्ये ठेवले जाते. तिथे त्याला बुडण्याचा धोका असतो, आणि कोरडी जागा न मिळाल्याने त्वचा व ढाल कुजू लागते.

हवामान : हे कोरड्या झुडपी माळरानाचे कासव आहे, एवढीच माहिती सहसा दिली जाते आणि ती अपुरी आहे. त्याचे वर्ष पावसाभोवती फिरते. उन्हाळ्यात ते झुडपाखाली निपचित पडून राहते. पहिल्या सरींनंतर हिंडू-चरू लागते, समागम व अंडी घालणे याच काळात होते. कच्छमध्ये वर्षाला सुमारे ४०० मिमी. पाऊस पडतो, कुलाब्याला २,००० मिमी.हून अधिक. मात्र केवळ आकड्यांच्या या तफावतीने मुंबईत पाळलेल्या कासवांच्या आजारांचा उलगडा होत नाही. माळरानावर दोन सरींमध्ये ऊन पडते आणि जमीन पाणी पिऊन टाकते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. चाळीच्या मोरीत किंवा तळमजल्याच्या खोलीत फरशी ओली आणि गार राहते. या कासवाला बाधतो तो ऊब नसलेला ओलावा. उबदार दमटपणा पिलांना उलट आवश्यकच असतो.

ढालीवरील उंचवटे : पाळलेल्या कासवाच्या पाठीवर प्रत्येक खवला सुळक्यासारखा वर येतो, याला पाळणारे ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात. रानातील तारांकित कासवांतही थोडे उंचवटे असतात. त्यामुळे नैसर्गिक किती व विकृती किती, यावर एकमत नाही. पूर्वी दोष जादा प्रथिनांना दिला जाई. आफ्रिकेतील सुल्काटा कासवाच्या पिलांवर व्हिएन्ना येथे झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेतील आर्द्रतेचा प्रभाव प्रथिनांपेक्षा मोठा दिसला : कोरड्या हवेत वाढलेल्यांची ढाल अधिक ओबडधोबड झाली. तारांकित कासवालाही हे लागू असावे, असे आज बहुतेक जाणकार मानतात. मुंबईसारख्या दमट शहरातही दिवसरात्र वातानुकूलित खोलीत ठेवलेले पिलू कोरड्या हवेतच वाढत असते.

उंचवट्यांहून गंभीर विकार म्हणजे ढाल मऊ पडणे. उन्हातील अतिनील-बी किरणांवाचून शरीरात ‘ड-३’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि आहारातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत; बंद काचेआडच्या उन्हात ठेवलेल्या कासवाला ऊब मिळते, पण ‘ड’ मिळत नाही. तपासणीत ढाल बोटाने दबते, जबडा वेडावाकडा होतो, मागचे पाय ओढले जातात. वाढीच्या वयात आलेले व्यंग पूर्ण भरून येत नाही. ही सर्व हानी टाळता येण्याजोगी आहे, म्हणूनच ती अधिक क्लेशकारक आहे.

श्वसनविकार : पावसाळ्यात जास्त. नाकातून पाणी, फुगे, तोंड उघडे ठेवून श्वास. कासवाला श्वासपटल नसल्याने नीट खोकता येत नाही, कफ फुप्फुसात साचतो. घरगुती उपचारांत वेळ घालवू नये.

आहार : गवत, पाने, फुले, गळलेली फळे, निवडुंग. पाव, भात, दूध, बिस्किटे देऊ नयेत. वनखात्याच्या परवानगीने जप्त कासवे सांभाळणाऱ्यांना हरळी व जास्वंद सोयीची. दादरच्या फुलबाजारात दूर्वांच्या जुड्या मिळतात, पण त्या नीट धुऊन द्याव्यात.

श्रद्धा : घरात कासव असणे शुभ, ही समजूत व्यापाराला पोषक ठरली आहे.

व्यापार व कायदा : क्रॉफर्ड मार्केट (महात्मा जोतिबा फुले मंडई) परिसरात या कासवांच्या चोरट्या विक्रीच्या व छाप्यांच्या बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतातील एकाच संकलन-केंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० कासवे रानातून उचलली गेली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ही जात आधी चौथ्या अनुसूचीत होती. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ती पहिल्या अनुसूचीत आली. विक्री, खरेदी व बाळगणे यांस तीन ते सात वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात ती २०१९ पासून आहे. बाजारात उघड मिळणारे लाल कानपट्टीचे स्लायडर कासव अमेरिकेतील, पाण्यातले. त्याची नोंद स्वतंत्र.

सुटका : घरातील कासव राणीच्या बागेत, तलावात किंवा बोरिवलीच्या जंगलात गुपचूप सोडणे घातक आहे. त्याच्याबरोबर रोग रानात जातात, आणि कासव स्वतःही तगत नाही. वायव्येकडील व दक्षिणेकडील कासवांत जनुकीय भेद असल्याने मूळ प्रदेश ओळखूनच त्यांना परत सोडावे लागते. सिंगापूरहून परत आणलेल्या कासवांवर हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने केलेला व २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच कामाचा होता. घरात असे कासव असल्यास ते वनखात्याकडे सुपूर्द करावे. महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे.