वाट कोणी दाखवली? : ब्लू माउंटन्समधली एका दिवसाची पायपीट

सिडनीहून पश्चिमेला निघालेली लोकल डोंगर चढू लागली की वाटेत ही तीन स्थानके लागतात : ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ फॉल्स. ही तीन माणसांची नावे आहेत. ग्रेगरी ब्लॅक्सलँड, विल्यम लॉसन आणि विल्यम चार्ल्स वेंटवर्थ या तिघांनी १८१३ साली ब्लू माउंटन्स पहिल्यांदा ओलांडले, असे ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या कित्येक पिढ्या शाळेत शिकल्या. आपल्याकडे चौथीच्या पुस्तकातला अफझलखान जसा कोणी विसरत नाही, तसे तिथे हे तिघे.

वसाहत १७८८ साली वसली आणि पंचवीस वर्षे समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अडकून राहिली. डोंगर उंचीने फार नाहीत, जेमतेम हजार मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी बुटके. पण कडे सरळसोट. नदीच्या पात्रातून वर जाऊ पाहणारा माणूस शेवटी उभ्या भिंतीपाशी येऊन थांबायचा. काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्या आयरिश कैद्यांमध्ये तर अशी समजूत होती की डोंगरापलीकडे चीन आहे. त्या आशेवर काही जण पळूनही गेले.

१८१३ च्या सुमारास दुष्काळ आणि किडीने गवत संपले, गुरे मरू लागली, तेव्हा हे तिघे जमीनदार ११ मे रोजी निघाले. बरोबर चार नोकर, चार घोडी, पाच कुत्री. त्यांची युक्ती एवढीच की दरीत उतरायचेच नाही, धार धरून चालायचे. सुमारे चार आठवड्यांत ते पलीकडचे गवत पाहून परतले आणि प्रत्येकाला हजार एकर जमीन बक्षीस मिळाली. चार नोकरांच्या नावाचे स्थानक या मार्गावर नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पंचवीस वर्षे सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले जुने घाट पायाखाली घालताना जे वाचत गेलो, तेवढेच माझे शिक्षण. त्या नादात एक खोड लागली. कुठल्याही घाटाचा 'शोध' अमुक साहेबाने लावला असे वाचले की मी विचारतो, त्याच्या पुढे कोण चालत होते? बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा आहे. तिला कागदाचा आधार नाही. तरी खोपोलीहून वर जाणारे ड्रायव्हर आजही तिथे नाणे टाकतात. घाट बांधणाऱ्या इंजिनिअरांचे नाव त्यांतल्या एकालाही सांगता येणार नाही.

म्हणून मुलाकडे सिडनीला जायचे ठरले तेव्हा मी आधी ब्लॅक्सलँडची रोजनिशी वाचली. १८२३ साली छापलेली, लहानशी आहे. शाळेतल्या गोष्टीत डोंगर निर्मनुष्य असतात. रोजनिशीत मात्र मूळ रहिवाशांच्या झोपड्या आहेत, दरीत पेटलेल्या त्यांच्या शेकोट्या आहेत. म्हणजे ज्या डोंगरातून वाटच नाही असे गव्हर्नरला वाटत होते, त्या डोंगरात माणसे बायकामुलांसह राहत होती. आज किंग्ज टेबललँड म्हणतात त्या पठारावरच्या कातळाखालच्या निवाऱ्यात माणसाचा वावर सुमारे २२ हजार वर्षांपूर्वीचा निघाला आहे. दक्षिणेकडच्या दऱ्या गुंदुंगुरा लोकांच्या, पूर्वेकडचा भाग दारुग लोकांचा. धारेवरची वाट त्यांच्या पायांनी आधीच मळलेली असणार, असे माझे मत आहे. डोंगरात राहणारी माणसे धार सोडून चालत नाहीत. हे सह्याद्रीत कोणत्याही ठाकराला विचारावे.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी आणि मुलगा कटूम्बाला उतरलो. तिकडे तो थंडीचा शेवट. पिवळा वॉटल फुललेला, दिवस लहान. बेत असा होता : एको पॉइंटवरून जायंट स्टेअरवेने कड्याच्या पायथ्याशी उतरायचे, दरीतल्या रानातून लुरापर्यंत जायचे, फेडरल पासने परत यायचे आणि फर्बर स्टेप्सने पुन्हा वर चढायचे. नकाशावर ही वाट गुळगुळीत दिसते. गुडघ्यांचे मत वेगळे.

एको पॉइंटवर गर्दी असते ती थ्री सिस्टर्स या तीन सुळक्यांसाठी. तीन बहिणींना बापाने की मांत्रिकाने दगड केले, ही कथा 'आदिवासी दंतकथा' म्हणून पर्यटकांना सांगितली जाते. अभ्यासकांना तिच्याविषयी दाट शंका आहे. १९३० च्या दशकात पर्यटन भरात असताना गोऱ्यांनीच ती रचली असावी, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडच्या हिल स्टेशनांवर घोडेवाले प्रत्येक पॉइंटला एक प्रेमकथा चिकटवतात, त्यातलाच हा प्रकार.

गुंदुंगुरांची खरी कथा वेगळी आहे आणि ती रॉबर्ट हॅमिल्टन मॅथ्यूज नावाच्या सर्व्हेअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवली. गुरंगाच हा अर्धा मासा, अर्धा सरपटणारा असा प्रचंड जलचर. मिरागन हा क्वोल, म्हणजे मांजराएवढा ठिपकेदार शिकारी प्राणी. मिरागन त्याच्या मागे लागला. गुरंगाच जमीन फोडत, आपल्यामागे पाणी ओढत पळत सुटला. तो जिकडे वळला तिकडे नदी वळली, जिथे दडला तिथे डोह झाला. वोलोन्डिली आणि कॉक्स या नद्यांची खोरी अशी तयार झाली.

मला ही कथा चार्ल्स डार्विनशेजारी ठेवून वाचावीशी वाटते. जानेवारी १८३६ मध्ये डार्विन या डोंगरात आला होता. आजच्या वेंटवर्थ फॉल्सपाशी ओढ्याकाठी चालत असताना झाडांच्या आडून अचानक दरी उघडली आणि तो थक्क झाला. एवढी दरी वाहत्या पाण्याने कोरली असेल हे मात्र त्याला पटेना. त्याने कारण शोधले ते समुद्राच्या प्रवाहांत. आजचे भूशास्त्र सांगते, दरी नद्यांनीच कोरली. गुंदुंगुरांच्या कथेत ती पाण्यातल्या जनावराने कोरली आहे. कथा म्हणजे विज्ञान नव्हे, हे मलाही कळते. पण या एका प्रश्नावर कोण अधिक जवळ होते, हे वाचकाने ठरवावे.

जायंट स्टेअरवे म्हणजे कड्याला चिकटलेल्या आठशेहून जास्त पायऱ्या, मधूनमधून लोखंडी शिड्या. जेम्स मॅके या रेंजरने वॉल्टर बॉटिंगला हाताशी धरून हे काम १९३२ साली पुरे केले. पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की आपल्याकडच्या हरिहरची आठवण यावी; फक्त इथे कठडा आहे. सुमारे ३०० मीटर उतरल्यावर हवाच बदलते. वर निलगिरीचे कोरडे, पातळ सावलीचे रान. खाली कोचवूड आणि सॅसाफ्रसची दाट झाडी, माणसापेक्षा उंच नेचे, शेवाळलेले दगड. वरच्या निलगिरीच्या पानांतून उडणाऱ्या तेलाचे सूक्ष्म कण उन्हात निळसर दिसतात, म्हणून हे 'निळे डोंगर' अशी समजूत रूढ आहे. इथल्या रानाला ते लोक 'बुश' म्हणतात. शब्दकोशात बुश म्हणजे झुडूप, पण ते झुडूप नव्हे आणि आपले अरण्यही नव्हे. 'रान' हा आपला शब्द त्याला सर्वांत जवळचा, कारण त्यात गाव नसलेली सगळी जमीन येते.

दरीतली फेडरल पास ही पायवाट १९०० सालची. पुढच्याच वर्षी सहा वसाहतींचे एक राष्ट्र व्हायचे होते, म्हणून तिचे नाव 'फेडरल'. पण या दरीत पर्यटकांच्या आधी मजूर आले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन ब्रिटी नॉर्थ याने कड्याच्या पायथ्याशी कोळशाची खाण सुरू केली आणि कोळसा वर ओढायला रूळ टाकले. ५२ अंशांच्या त्या चढावर आज तिकीट काढून माणसे बसतात. खाणीचे बंद तोंड, एक घोडा, एक मजूर, असे पुतळे खाली मांडून ठेवले आहेत. थंड सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला, तेव्हा एक लायरबर्ड पाचोळा उकरत अगदी जवळून गेला. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो म्हणतात. आमच्यासमोर तो गप्पच होता.

फर्बर स्टेप्सवर खरी परीक्षा. जवळपास हजार पायऱ्या, आणि त्या दिवसभराच्या चालीनंतर. दर वळणावर एक लुकआउट, आणि प्रत्येकाला नाव : इथे क्वीन व्हिक्टोरिया, वर कड्याच्या कडेने जाणारी वाट प्रिन्स हेन्रीची. खालची दरी सर जॉन जेमिसनची. माथेरान-महाबळेश्वरला लुईझा, एल्फिन्स्टन, आर्थर यांच्यात वावरलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटते. ही ओळख वरवरची नाही. ज्या गव्हर्नरने १८१५ साली इथे येऊन सढळ हाताने नावे वाटली, तो लाकलन मॅक्वारी आमच्या मुंबईचाच म्हणायला हवा. ७७ व्या पलटणीबरोबर तो १७८८ मध्ये मुंबईत आला, १७९३ मध्ये तिथेच जेन जार्विसशी लग्न केले, १७९९ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढला. जेन मकावला वारली. तिचे दफन त्याने मुंबईला आणून केले. १७९५ मध्ये त्याने कोचीनला दोन मुले विकत घेतली होती. त्यातल्या एकाचे नाव जॉर्ज जार्विस ठेवले. हा मुलगा पुढे मॅक्वारीच्या मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर राहिला, न्यू साउथ वेल्समध्येही. आईवडिलांनी त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल? मॅक्वारीच्या रोजनिश्या सिडनीच्या ग्रंथालयाने जपल्या आहेत. त्यांत हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

मॅक्वारी आला तो नव्या सडकेने. विल्यम कॉक्सने ३० कैद्यांकडून १०१ मैलांची ती सडक सहा महिन्यांत बांधून घेतली; कैद्यांना मोबदला म्हणून सुटका मिळाली. ७ मे १८१५ रोजी मॅक्वारीने पलीकडच्या मैदानात बाथर्स्ट गाव वसवले. त्या मैदानात विराजुरी लोक राहत होते. मेंढ्या आल्या, मेंढ्यांमागे बंदुका आल्या, आणि ऑगस्ट १८२४ मध्ये तिथे मार्शल लॉ पुकारला गेला. मधल्या काळात, १८२३ मध्ये, आर्चिबाल्ड बेल या तरुणाने डोंगरातून दुसरी, उत्तरेची वाट काढली. त्याला ती दारुग वाटाड्यांनी दाखवली, हे नोंदलेले आहे. त्या रस्त्याचे नाव आज 'बेल्स लाइन ऑफ रोड'.

वर पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. कड्यावरून दक्षिणेकडे पाहिले की दरीमागून दरी दिसते आणि शेवटी बुरागोरांगच्या दिशेचे डोंगर निळ्या रंगात विरून जातात. ते खोरे आता पाण्याखाली आहे. सिडनीला पाणी पाजण्यासाठी बांधलेले वारागाम्बा धरण १९६० मध्ये पुरे झाले, आणि गुरंगाचच्या कथेतले कितीतरी डोह त्यात बुडाले. कोयनेकाठची, मुळशीकाठची माणसे हे वाक्य माझ्यापेक्षा नीट समजतील.

बुरागोरांगमधून हुसकली गेलेली काही गुंदुंगुरा कुटुंबे त्याच्या कितीतरी आधीपासून कटूम्बाला येऊन राहिली होती. गावाच्या कडेच्या ओढ्याकाठी, 'द गली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलगट जागेत त्यांची घरे होती. दारुग होते, गरीब गोरेही होते. एको पॉइंटपासून ही जागा पायी फार लांब नाही. पुरुष खाणीत, रस्त्यांवर कामाला. बायका हॉटेलांत आणि बंगल्यांत धुणीभांडी करायला. दरी पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या चादरी धुणाऱ्यांत त्या दरीच्या लेकी होत्या. १९५७ मध्ये ही वस्ती उठवण्यात आली. कारण धरण नव्हते, रेल्वे नव्हती. तिथे मोटारींच्या शर्यतीसाठी ट्रॅक करायचा होता. तो १९६१ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांनी बंदही पडला.

माझ्या बेतात गली शेवटी होती. मुलगा म्हणाला, बाबा, तिकडे बघण्यासारखे काही नाही, स्टेशनला जाऊ. त्याच्या दृष्टीने ते खरे होते. कठडा नाही, दुर्बीण नाही, दरी नाही. पाणथळ जमीन, निलगिरीची झाडे आणि त्यांच्यामधून वळणे घेत जाणारी, भेगाळलेल्या डांबराची एक पट्टी. हाच तो शर्यतीचा ट्रॅक. २००२ साली सरकारने ही जागा 'ॲबओरिजिनल प्लेस' म्हणून जाहीर केली. आता लोक त्या डांबरावरून संध्याकाळी कुत्री घेऊन फिरतात. एक म्हातारी बाई समोरून आल्या. आम्ही परके दिसत होतो म्हणून थांबल्या आणि विचारले, वाट चुकलात का? मी म्हटले, नाही, इथेच यायचे होते. त्यांनी हात करून ओढ्यापलीकडचा एक उंचवटा दाखवला आणि सांगितले, घरे त्या बाजूला होती.