पुरावा आणि भरवसा : नीळकंठशास्त्री गोरे आणि पंडिता रमाबाई

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं : ख्रिस्ती संदेश विश्वासार्ह आहे, हे माणसाला नेमकं कशावरून पटतं? याचं उत्तर आपण एकोणिसाव्या शतकातल्या दोन मराठी पंडितांच्या आयुष्यात शोधू. दोघेही संस्कृतात मुरलेले, त्यामुळे 'प्रमाण काय?' हा प्रश्न दोघांच्या रक्तातच होता म्हणा ना.

पहिले नीळकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५चा, घराणं मराठी, पण वाढले काशीत. जॉन म्यूर यांनी संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. या तरुण शास्त्र्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून तिला उत्तर दिलं. म्हणजे सुरुवात झाली ती खंडनापासून! मिशनऱ्यांशी वाद घालता यावा म्हणून त्यांनी बायबल वाचायला घेतलं, आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. पुढे 'षड्दर्शनदर्पण' हा ग्रंथ लिहून त्यांनी सहाही दर्शनांची चिकित्सा केली.

इथे आपण जरा न्यायशास्त्राकडे वळू. आपण जे जाणतो त्यातलं बरंचसं दुसऱ्याच्या शब्दावर जाणतो. मग कोणाचा शब्द मानायचा? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायभाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात, की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच. सांगणारा परका आहे एवढ्यावरून त्याचा शब्द खोटा ठरत नाही आणि आपला आहे म्हणून खराही ठरत नाही. शुभवर्तमानं ही मुळात साक्षच आहे. तेव्हा ती तपासायची रीत आपल्या परंपरेत आधीपासून होती.

पण गंमत पाहा. एवढे पुरावे तोलूनसुद्धा गोऱ्यांच्या मनातल्या शंका मिटल्या नाहीत. पुढे ते पाद्री झाले, १८९५ साली मुंबईत वारले, पण शंकांनी त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. असं का व्हावं?

याचा उलगडा आपल्याला रमाबाईंच्या चरित्रात होतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्यांच्या लिखाणानं आपली बुद्धी पटली, असं त्यांनीच पुढे नमूद केलंय. म्हणजे ज्यांचं स्वतःचं मन निश्चिंत नव्हतं, त्यांच्या युक्तिवादानं दुसऱ्याची वाट मोकळी झाली! तरीही रमाबाईंनी चर्चचं सगळं मुकाट्यानं मानलं नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. आणि सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला.

आपल्या मते मर्म इथेच आहे. पुरावा अडसर काढतो, दार उघडतो. आत पाऊल टाकणं हे त्याचं काम नव्हे. वैद्य जाणकार आहे हे दहा जणांनी सांगितलं तरी औषध आपल्यालाच घ्यावं लागतं. पण म्हणून चौकशी न करता कोणाचंही औषध घ्यावं का? तर तसंही नाही.

रमाबाईंची चौकशी भरवसा लाभल्यावरही थांबली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. ते काम त्यांनी १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केलं. ज्याच्यावर भरवसा आहे तेच पुनःपुन्हा मुळाशी जाऊन पडताळायचं धैर्य त्यांच्यात होतं.

तेव्हा ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला त्यांना आपण एवढंच म्हणू : शंका आली म्हणून भरवसा खोटा ठरत नाही. गोऱ्यांना ती आयुष्यभर सोबत घेऊन चालावं लागलं, आणि तरी ते चालत राहिले.